सोमवार सकाळचा वास

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या मशीन शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला सोमवार सकाळचा एक वास चांगला ओळखीचा असतो. शनिवारी संध्याकाळी लेथ आणि सीएनसी यंत्रं बंद होतात. रविवारभर कूलंट टाकीत नुसतं पडून राहतं. सोमवारी पहिल्या पाळीचा ऑपरेटर पंप चालू करतो आणि कुजलेल्या अंड्याचा भपकारा नाकात शिरतो. यावर काय करायचं ते कुठल्याही अनुभवी फोरमनला ठाऊक असतं. वर तरंगणारं मशीनचं तेल काढायचं, तळाचा गाळ उपसायचा, कूलंटमधलं तेल-पाण्याचं प्रमाण तपासायचं आणि ते फिरतं ठेवायचं. टाकीत अत्तर ओतायचा सल्ला कुणी देत नाही.

तोंडाला वास येतो म्हटल्यावर मात्र आपण नेमका तोच सल्ला देतो. बडीशेप खा, वेलची चघळ, लवंग दाढेत धर, पुदिन्याच्या गोळ्या खिशात ठेव. यातल्या कशानेही मूळ कारणाला हात लागत नाही. म्हणून या प्रकरणात वास झाकायच्या उपायांपेक्षा वास तयार होण्याची जागा आणि तिथलं रसायन आधी पाहू. ते समजलं की उपाय आपोआप सुचतात, आणि त्यातले बहुतेक जवळजवळ फुकट असतात.

एकच वायू, दोन टाक्या

कूलंटच्या टाकीतला तो वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. वर तेलाचा थर साचल्यामुळे आत हवा पोचत नाही, आणि ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं फावतं. तोंडाच्या दुर्गंधीतही हाच वायू आघाडीवर असतो. फरक कच्च्या मालाचा आहे. कूलंटमधले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात. तोंडातले जिवाणू प्रथिनांवर जगतात. अन्नाचे कण, गळून पडलेल्या पेशी, लाळेतली प्रथिनं, हिरड्यांतून झिरपणारं रक्त यांतली सिस्टीन आणि मेथिओनीन ही गंधकयुक्त अमिनो आम्लं ते फोडतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन हे वायू सुटतात. स्वयंपाकाच्या गॅसची गळती लगेच कळावी म्हणून सिलिंडरमध्ये इथाइल मरकॅप्टन मिसळतात. मिथाइल मरकॅप्टन त्याचाच भाऊबंद. हवेत तो अगदी कणभर असला तरी नाकाला जाणवतो.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जोसेफ टोन्झेटिच यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या गंधकवायूंचा पद्धतशीर अभ्यास केला आणि तोंडाच्या वासाला मोजता येणारं शास्त्र बनवलं. त्यानंतरच्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: दहापैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत वासाचं मूळ तोंडातच असतं. ‘पोट साफ नाही म्हणून तोंडाला वास येतो’ हा आपल्याकडचा पक्का समज आहे, पण अन्ननलिका एरवी मिटलेली असते. गिळताना किंवा ढेकर देताना ती उघडते. पोटातला वास दिवसभर तोंडावाटे बाहेर येत राहण्याची वाटच नसते. जुलाबाची औषधं घेऊन तोंडाचा वास घालवू पाहणारे म्हणूनच निराश होतात.

तोंडात हे जिवाणू राहतात कुठे? पहिली जागा जिभेचा मागचा भाग. जिभेचा पृष्ठभाग बारीक उंचवट्यांनी भरलेला असतो आणि घशाकडच्या बाजूला त्यांच्यामधल्या खाचा खोल होतात. तिथे पांढरट-पिवळसर थर साचतो. त्या थराच्या खाली हवा पोचत नाही. दुसरी जागा दात आणि हिरडी यांच्यामधली फट. दातांवरचा मऊ थर वेळेवर निघाला नाही तर तो लाळेतल्या क्षारांमुळे घट्ट होऊन त्याचं कीटण बनतं. कीटणाने हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि तिथे खोल कप्पे तयार होतात. बाकीच्या जागा म्हणजे किडलेल्या दाढेतला खड्डा, अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरची कातडी, नीट न बसलेली कॅप, रात्री न काढलेली कवळी.

लाळ आटली की

या जिवाणूंना आवर घालणारी यंत्रणा निसर्गाने दिली आहे, ती म्हणजे लाळ. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नकण धुऊन नेते, आम्ल सौम्य करते, सोबत ऑक्सिजन आणते आणि तिच्यातली काही द्रव्यं जिवाणूंना थेट मारतात. झोपेत लाळेचा प्रवाह जवळजवळ थांबतो. म्हणून सकाळी उठल्यावर प्रत्येकाच्याच तोंडाला वास येतो. चूळ भरली, दात घासले, न्याहारी केली की तो जातो. हा आजार नव्हे.

खरी अडचण तेव्हा होते, जेव्हा जागेपणीही तोंड झोपेत असल्यासारखं कोरडं राहतं. इथे पीण्याकडे पुन्हा वळायला हवं.

बंगळूरच्या वायव्येला तुमकूर रस्त्यालगत 1970 च्या दशकात वसवलेलं पीण्या औद्योगिक क्षेत्र आशियातल्या मोठ्या औद्योगिक वसाहतींमध्ये गणलं जातं. सुटे भाग घडवणारी मशीन शॉप, फाउंड्री, इलेक्ट्रोप्लेटिंग आणि पावडर कोटिंगचे कारखाने, तयार कपड्यांच्या मोठ्या शेड असे हजारो उद्योग इथे दाटीवाटीने उभे आहेत. दारावरून जाणारा तुमकूर रस्ता पुढे हुबळी, बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सातारा करत पुण्याला पोचतो. या रस्त्याने कामगार, माल आणि सवयी दोन्ही बाजूंनी ये-जा करतात. त्यामुळे पीण्यातलं हे चित्र चाकण, भोसरी, कोल्हापूरची शिरोली किंवा नाशिकच्या अंबडमधल्या वाचकाला परकं वाटणार नाही.

या चित्रातल्या माणसाच्या तोंडाचा दिवस पाहा. सकाळच्या पाळीचा कामगार घाईघाईत एकदा दात घासून, अनेकदा न खाताच निघतो. शिफ्टमध्ये बाय-टू, म्हणजे एक कप दोघांत वाटून घेतलेली, कॉफी किंवा गोड चहा दोन-तीनदा होतो. भट्टीजवळ किंवा पावडर कोटिंगच्या ओव्हनपाशी उभं राहिलं की घामावाटे पाणी जातं आणि ते तेवढ्याच वेगाने भरून निघत नाही. धुळीने नाक चोंदलं की श्वास तोंडाने सुरू होतो, आणि तोंडाने घेतलेला प्रत्येक श्वास जिभेवरची ओल उडवून नेतो. जास्त तास उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि श्वासात कीटोनचा वेगळाच वास मिसळतो.

कपड्यांच्या कारखान्यांत आणखी एक गोष्ट घडते आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. बंगळूरच्या या उद्योगात बहुसंख्य कामगार स्त्रिया आहेत. तासागणिक नगांचं लक्ष्य असतं. मशीनवरून उठलं तर काम मागे पडतं, सुपरवायझरचं ऐकून घ्यावं लागतं. म्हणून अनेक जणी पाणीच कमी पितात, म्हणजे स्वच्छतागृहात जावं लागणार नाही. कामगार संघटना आणि अभ्यासक हे वर्षानुवर्षं मांडत आले आहेत. याचे परिणाम म्हणून मूत्रमार्गाचे संसर्ग आणि डोकेदुखी यांची चर्चा होते. कोरड्या तोंडाची होत नाही. पण तेच तोंड घेऊन ती बाई संध्याकाळी बसमध्ये उभी असते आणि बोलताना ओठांवर पदर धरते. तिला वाटतं, आपल्यातच काही कमी आहे. खरं तर तिला पाण्याचा ग्लास आणि पाच मिनिटांची सुट्टी कमी पडलेली असते.

रात्रपाळीवाल्यांची अडचण आणखी वेगळी. ‘सकाळी आणि रात्री दात घासा’ हा सल्ला त्यांच्या घड्याळात बसत नाही. सकाळी सात-आठला घरी आलं, चहा-नाश्ता केला आणि आडवं झालं, की खरकट्या तोंडानेच सात तासांची झोप होते. त्यांच्यासाठी नियम असा सांगायला हवा: झोपण्याआधी एकदा आणि उठल्यावर एकदा, मग बाहेर ऊन असो वा चांदणं. दोन्हींत झोपण्याआधीचं घासणं अधिक महत्त्वाचं, कारण त्यानंतर लाळ रजेवर जाते.

तंबाखूची पुडी

जागरण, कंटाळा आणि भूक यांच्यावर कारखान्याच्या फाटकाबाहेर एक स्वस्त उतारा मिळतो. महाराष्ट्रात 2012 मध्ये आणि कर्नाटकात 2013 मध्ये गुटख्यावर बंदी आली. त्यानंतर पानमसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या विकल्या जाऊ लागल्या. ग्राहक त्या हातावर एकत्र करतो. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात दर पाच प्रौढांमागे साधारण एक जण खाण्याची, लावण्याची किंवा नाकात ओढण्याची धूरविरहित तंबाखू वापरतो.

तंबाखूचा स्वतःचा वास असतोच. पण तिचं खरं नुकसान हिरड्यांत होतं. हिरड्या दातांपासून सुटतात, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तर रक्तस्राव दबून जातो, म्हणून रोग वाढत असताना पत्ताच लागत नाही. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर ताठ होत जातं, तोंड उघडेनासं होतं आणि मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोचत नाही. सुपारी एकटी, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्ट केलं आहे.

मराठी घरांत आणखी एक धोका दात घासायच्या डबीत असतो. मशेरी, म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. दात स्वच्छ होतात, सकाळी पोट साफ होतं, या समजुतीने ती लावली जाते. तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर भारत सरकारने 1992 मध्येच बंदी घातली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? वास जावा म्हणून मशेरी लावणारी आजी प्रत्यक्षात वासाचं आणि त्याहून गंभीर रोगाचं कारणच हिरडीवर चोळत असते. तिला रागावण्यात अर्थ नाही, तिला निकोटिनची सवय लागलेली आहे. सवय सोडायला मदत लागते. तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला 1800-11-2356 हा मोफत क्रमांक त्यासाठीच आहे, आणि बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतही या सेवेचं केंद्र आहे.

करायचं काय

सुरुवात जिभेपासून. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सोनं, रुपं, तांबं अशा धातूंच्या, धार नसलेल्या, वाकवलेल्या पट्टीने जीभ खरवडायला सांगितलं आहे आणि त्याचं कारण म्हणून जिभेच्या मुळाशी साचलेला, दुर्गंध निर्माण करणारा मळ दाखवला आहे. आजचा दंतवैद्य वेगळं सांगत नाही. तांब्याची किंवा स्टीलची पट्टी बाजारात थोड्या पैशांत मिळते. जीभ बाहेर काढायची, पट्टी जमेल तितकी मागे ठेवायची, हलक्या हाताने पुढे ओढायची, धुवायची, असं चार-पाच वेळा. उमासा येत असेल तर श्वास सोडत असताना ओढावं. रक्त येईस्तोवर खरवडायचं नाही. दिवसातून एकदा पुरतं.

मग दात. मऊ ब्रश, मटारच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट, दोन मिनिटं. ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरायचा, कारण मळ तिथेच साचतो. दोन दातांमधल्या फटीत ब्रश शिरत नाही, तिथे दोरा किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश लागतो. राखुंडी, विटेची पूड, मीठ जोरजोरात चोळणं थांबवा, त्याने दातांचं वरचं कवच झिजतं. प्लेटिंगच्या आणि बॅटरीच्या कारखान्यांत हवेतल्या आम्लाच्या वाफेनेही हे कवच विरघळतं. तिथल्या कामगाराने काम संपताच साध्या पाण्याने चुळा भराव्यात आणि ब्रशसाठी अर्धा तास थांबावं.

हिरड्यांतून रक्त येतं म्हणून पुष्कळ लोक ब्रश करणंच सोडतात. रक्त ही नीट घासलं जात नसल्याची खूण आहे, त्यामुळे थांबण्याने दुखणं वाढतं. साचून घट्ट झालेलं कीटण घरी निघत नाही. ते दंतवैद्याकडून काढून घ्यावं लागतं. ‘दात साफ करून घेतले की हलायला लागतात’ अशी भीती सगळीकडे ऐकू येते. दात आधीच सैल झालेले असतात, कीटणाने त्यांना धरून ठेवलेलं असतं. ते निघाल्यावर खरी स्थिती दिसते आणि उपचाराला वाव मिळतो. मधुमेह असलेल्यांनी याकडे अधिक लक्ष द्यावं. साखर वाढली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांचा आजार बळावला की साखर आटोक्यात येत नाही.

माउथवॉशची जागा या सगळ्यानंतरची. क्लोरहेक्सिडिन जिवाणू मारतं, पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चव बिघडते. दंतवैद्याने सांगितलं तेवढे दिवसच ते घ्यावं. जस्ताचे क्षार असलेली द्रावणं गंधकवायूंना बांधून ठेवतात. अल्कोहोलचं प्रमाण जास्त असलेली द्रावणं कोरडं तोंड आणखी कोरडं करू शकतात. आणि बाटलीवर खर्च करायला पैसे नसतील तर जेवणानंतरच्या खळखळून भरलेल्या चुळा ही आपल्याकडची जुनी सवय मोडू देऊ नये.

पाणी हा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. घोट घोट, दिवसभर. पीण्यात त्याला एक पुस्ती जोडावी लागते. इथल्या भूजलात क्रोमियमचं प्रदूषण आढळलेलं आहे, तेव्हा बोअरचं पाणी तपासल्याशिवाय आणि शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. लाळ वाढवायची असेल तर चावून खायचे पदार्थ, काकडी, पेरू, बिनसाखरेचं च्युइंग गम उपयोगी पडतात. ॲलर्जी, नैराश्य, रक्तदाब यांच्या काही गोळ्यांनीही तोंड सुकतं. तसं वाटलं तर गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावं.

कांदा-लसणाचा वास वेगळ्या वाटेने येतो. लसणातलं एक गंधकद्रव्य पचून रक्तात मिसळतं आणि फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडतं. कितीही घासलं तरी ते काही तास राहणार, आणि त्याची काळजी करायचं कारण नाही.

दंतवैद्याच्या पलीकडे

तोंड स्वच्छ आहे, हिरड्या ठीक आहेत, तरी वास जात नाही, अशी थोडी माणसं असतात. त्यांनी आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. सायनसचा जुना संसर्ग आणि टॉन्सिलच्या खाचांत साचणारे पिवळट खडे ही नेहमीची कारणं. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास आणि शेंबूड येत असेल तर मणी, शेंगदाणा असं काही आत अडकलेलं असू शकतं. काही वास धोक्याची सूचना देतात. मधुमेह्याच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास आणि सोबत उलट्या, धाप असेल तर लगेच रुग्णालय गाठावं. मूत्रपिंडं निकामी होताना श्वासाला अमोनियाचा वास येतो, यकृत निकामी होताना कुबट-गोडसर. फुप्फुसातला गळू घाण वासाचा बेडका देतो. अगदी विरळा असा आनुवंशिक दोषही असतो, ज्यात शरीराला एक गंधकद्रव्य मोडताच येत नाही. त्याला जबाबदार असलेलं जनुक 2018 मध्ये सापडलं.

सांगायचं कसं, विचारायचं कुणाला

आपल्या तोंडाचा वास आपल्याला नीट कळत नाही, कारण नाक सतत येणाऱ्या वासाला सरावतं. ओंजळीत फुंकूनही फारसं समजत नाही. मनगटाची आतली बाजू चाटावी, दहा-पंधरा सेकंद वाळू द्यावी आणि हुंगावी, किंवा चमच्याने जिभेच्या मागचा थर काढून त्याचा वास घ्यावा. खात्रीचा मार्ग एकच: विश्वासाच्या माणसाला विचारणं. काहींना वास नसतानाही तो असल्याची भीती पछाडते. ते लोकांपासून दूर राहतात, दिवसातून दहादा दात घासतात. त्यांना चेष्टेची नव्हे, मानसोपचाराची गरज असते.

ही लाज आपोआप आलेली नाही, ती विकलीही गेली आहे. 1920 च्या दशकात अमेरिकेत लिस्टरीन या माउथवॉशच्या जाहिरातींनी तोंडाच्या वासामुळे लग्न न जमणाऱ्या मुलींच्या कथा छापल्या आणि खप प्रचंड वाढवला. तेव्हापासून हा प्रश्न आरोग्याऐवजी अब्रूचा झाला. अब्रूचा प्रश्न झाला की माणूस लपवतो, आणि लपवलेला हिरड्यांचा आजार शेवटी दात घेऊन जातो. म्हणून शेजारच्या मशीनवरच्या सोबत्याला सांगायचं असेल तर चारचौघांत नको, टोमणाही नको. बाजूला घेऊन, ‘दादा, एकदा दात दाखवून घे, मीही जाऊन आलोय’ एवढंच पुरतं.

दाखवायला जागा आहे. कामगार राज्य विमा (ईएसआय) योजनेची वेतनमर्यादा 2017 मध्ये महिना 21,000 रुपये झाली. या योजनेखाली येणाऱ्या कामगाराच्या पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते. पीण्यात ही योजना चालवणाऱ्या महामंडळाचं रुग्णालय आहे, आणि ईएसआयच्या मोठ्या रुग्णालयांत दातांचा विभाग असतो. ईएसआयच्या कार्डावर ताप आणि अपघात दाखवला जातो, दात क्वचितच. कापलेल्या पैशांत दात आणि हिरड्याही येतात, हे प्रत्येक कामगाराला माहीत असायला हवं.

राहिली कारखान्याची जबाबदारी. 1948 च्या कारखाना कायद्यानेच पिण्याचं शुद्ध पाणी सोयीच्या जागी ठेवणं, त्या जागेवर कामगारांना समजेल अशा भाषेत पाटी लावणं आणि पुरेशी स्वच्छतागृहं बांधणं मालकावर बंधनकारक केलं होतं. नळ असून तिथवर जायची मोकळीक नसेल तर तो नळ भिंतीवरची शोभा ठरतो. कॅन्टीनबाहेर चुळा भरायला पन्हाळीचं बेसिन, दर दोन तासांनी पाणी प्यायची सुट्टी, वर्षातून एकदा दंततपासणी आणि फाटकावर तंबाखू सोडण्याच्या मदतीचा फलक, एवढ्या चार गोष्टींचा खर्च एका यंत्राच्या दुरुस्तीपेक्षा जास्त येत नाही. कामगारांच्या समितीने पुढच्या बैठकीत पगार आणि ओव्हरटाइमच्या खाली हे चार मुद्दे लिहावेत. तोंड मोकळं करून बोलता येणं हा माणसाचा साधा हक्क आहे, आणि त्याची सुरुवात पाण्याच्या ग्लासापासून होते.